वशिंड दिसलं की आकडा चढतो का?

कोलोरॅडोच्या फीडलॉटमध्ये गुरं येतात ती खाऊन वजन वाढवायला. आल्यावर आणि नंतरही अधूनमधून त्यांना एकामागे एक अरुंद गल्लीतून खोड्यात घेतात, मानेवर फाटक आवळतात, वजन करतात, लस टोचतात, कानाला बिल्ला मारतात आणि पलीकडे सोडून देतात. 1990 च्या दशकात कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी या रोजच्या कामातच एक भर घातली. खोड्यात अडकलेलं जनावर किती शांत राहतं आणि किती धडपडतं, हे पाहून प्रत्येकाला एक आकडा दिला. बी. डी. व्हॉइसिनेट, टेम्पल ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 1997 साली ‘जर्नल ऑफ अॅनिमल सायन्स’मध्ये छापून आला. गुरांचा स्वभाव आणि वजनवाढ यांच्यावर बोलताना त्याचा उल्लेख आजही हमखास होतो. त्यातल्या एका आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा का, एवढाच या लेखाचा विषय.

अभ्यासात 436 जनावरं होती: 292 खच्ची केलेले गोऱ्हे आणि 144 कालवडी. ब्राफर्ड 177, सिमेंटल-रेड अँगस संकर 92, रेड ब्रँगस 70, सिम्ब्रा 65, अँगस 18 आणि टॅरेंटेझ-अँगस संकर 14. त्यांचे दोन गट पाडले. ज्यांच्यात ब्राह्मन या वशिंडवाल्या जातीचं रक्त पाव हिस्सा किंवा जास्त, ते एका बाजूला; ज्यांच्यात ते नाही, ते दुसऱ्या बाजूला. पहिल्या गटात ब्राफर्ड, रेड ब्रँगस, सिम्ब्रा अशी 312 जनावरं येतात, दुसऱ्यात उरलेली 124. आकडा जितका मोठा तितकं जनावर अस्वस्थ. ब्राह्मन गटाची सरासरी आली 3.45 आणि दुसऱ्या गटाची 1.80. कालवडींचा आकडा गोऱ्ह्यांपेक्षा जास्त निघाला. आणि ज्या निष्कर्षामुळे हा अभ्यास गाजला तो असा, की शांत जनावरांचं वजन रोज जास्त वाढलं, धडपड्या जनावरांचं कमी.

ब्राह्मन रक्ताची गुरं जास्त अस्वस्थ असतात हा एक, आणि शांत जनावरं जास्त वाढतात हा दुसरा: एकाच शोधनिबंधात शेजारी-शेजारी बसलेले हे दोन निष्कर्ष. दोघांची ताकद मात्र सारखी नाही, असं माझं म्हणणं आहे.

खोड्यापाशी उभं राहून

खोड्यात दिल्या जाणाऱ्या गुणांची पाच पायऱ्यांची पट्टी साधारण अशी असते. 1 म्हणजे जनावर गुमान उभं. 2 म्हणजे चुळबुळ, पाय बदलणं. 3 म्हणजे अंग पिळवटणं, अधूनमधून खोडा हलवणं. 4 म्हणजे सतत, जोरात धडपड आणि खोड्याचा खडखडाट. 5 म्हणजे मागच्या पायांवर उभं राहणं, अंग झोकून देणं, सुटण्याचा जिवावर उदार होऊन केलेला प्रयत्न.

कागदावर हे स्वच्छ दिसतं. एक आणि पाच यांच्यात कुणाचीच गफलत होणार नाही, गाईगुरं कधी न पाहिलेला माणूसही ते ओळखेल. भानगड असते ती मधे. जनावराने मान दोनदा झटकली, शेपूट फटकारली, एकदा कुशीने लोखंडावर धडक दिली आणि मग नाकपुड्या फुगवून थांबलं. ही चुळबुळ की पिळवटणं? धडक दोनदा दिली असती तर? खोड्याच्या बाजूच्या फळ्या पंपाने आवळतात; पंप चालवणाऱ्याने त्या जास्त आवळल्या असतील तर जनावराला हलायलाच जागा नाही, म्हणजे त्याचं ‘शांत’ असणं हे पंपाचं श्रेय. त्यात मागचं जनावर गल्लीत हंबरतंय, कुणीतरी फाटक आदळलं, आणि लिहिणाऱ्याकडे निर्णयाला काही सेकंद. अशा वेळी 2 लिहायचा की 3, हे डोळा ठरवतो तितकंच डोक्यात आधीपासून बसलेलं मतही ठरवतं. निरीक्षकाचा कल शिरतो तो या मधल्या फटीतून.

आणि मत आधीपासून असतंच. अमेरिकेत ब्राह्मन रक्ताच्या गुरांची ओळख लांबूनच पटते: वशिंड, गळ्याची लोंबती पोळी, लांब कान. गुरांच्या बाजारात अशा वासरांना भाव सहसा कमी मिळतो. ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मांसाच्या अटींत तर मानेवरचं वशिंड 2 इंचांपेक्षा उंच नको, असं चक्क कलम आहे. त्यामागचं कारण मांसाचा मऊपणा, स्वभाव नव्हे. पण वशिंड दिसलं की काहीतरी उणं आहे हा संस्कार त्या धंद्यात किती मुरलाय ते त्यातून कळतं. ब्राह्मन बुजरी, ब्राह्मन उधळते, ही म्हण झालेली गोष्ट. खोड्यापाशी वही घेऊन उभ्या असलेल्या माणसाने ती ऐकलेली नसेल हे संभवत नाही.

जाता जाता सांगायला हवं, हे वशिंड आपल्याकडूनच गेलेलं आहे. अमेरिकन ब्राह्मन ही जात भारतातून नेलेल्या गुरांपासून तिकडे घडवली गेली. गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याबरोबर त्यात कृष्णा खोऱ्यातल्या, म्हणजे सांगली-कोल्हापूर आणि लगतच्या कर्नाटक भागातल्या गुरांचंही नाव घेतलं जातं. औताला जुंपून काळ्या रानात मान खाली घालून चालणाऱ्या गुरांचं रक्त टेक्सासात जाऊन ‘तापट’ ठरावं, यात रक्ताचा भाग किती आणि मोकळ्या रानात माणसाचं तोंडही न पाहता वाढण्याचा किती, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो. आपल्याकडचं खोंड लहानपणापासून दाव्याला असतं, वेसण टोचलेली असते, रोज माणसाचा हात अंगावर असतो. मोठ्या रँचवरचं वासरू वर्षात मोजक्या वेळा माणूस पाहतं, आणि त्यातल्या बहुतेक वेळी तो माणूस त्याला काहीतरी टोचत असतो.

नजर किती फसू शकते

ज्ञान नजरेला कसं वाकवतं याचा सरळ पुरावा बेल्जियममधून आला. फ्रँक टाउटेन्स आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना प्राण्यांच्या चित्रफिती दाखवून गुण द्यायला सांगितले. चित्रफिती त्याच, दोन वेळा दाखवलेल्या. बदलली होती फक्त सोबत दिलेली माहिती. गुरांच्या धापा मोजताना हवा प्रत्यक्षापेक्षा 5 अंशांनी जास्त गरम होती असं सांगितलं, तेव्हा विद्यार्थ्यांना तीच गुरं जास्त धापा टाकताना दिसली. कोंबड्या सेंद्रिय पद्धतीच्या शेतावरच्या आहेत म्हटल्यावर त्या जास्त सुखी दिसल्या. डुकरं मिळूनमिसळून राहण्यासाठी निवडलेल्या वंशाची आहेत म्हटल्यावर त्यांच्यात गोडीगुलाबी जास्त दिसली. यातला एकही विद्यार्थी खोटं लिहीत नव्हता. धापा ही तर स्वभावापेक्षा कितीतरी ठोस गोष्ट, तोंड उघडं की बंद एवढं पाहायचं. तिथे ही गत, मग ‘चुळबुळ’ आणि ‘पिळवटणं’ यांच्यात काय होत असेल!

तरीही लगेच टोकाला जायचं कारण नाही. कोलोरॅडोच्या आकड्यांना नजरदोषाने किती हलवलं असेल याची कमाल मर्यादा साध्या हिशेबाने काढता येते. समजा, वशिंडवाल्या प्रत्येक दुसऱ्या जनावराला लिहिणाऱ्याने एक पायरी वर टाकलं. हा बराच मोठा पक्षपात झाला. त्याने गटाची सरासरी वाढेल 0.5 ने. दोन गटांतलं अंतर आहे 1.65. समजा, अपवाद न करता प्रत्येक वशिंडवाल्याला एक पायरी वाढवून दिली, म्हणजे पक्षपाताची हद्दच झाली, तरी 0.65 शिल्लक राहतात. म्हणजे ब्राह्मन संकर खोड्यात जास्त धडपडले, एवढी दिशा खरी धरायला हरकत नाही. अंतर मात्र 1.65 चं की एकाचं की त्याहून कमी, हे या पट्टीवर ठरत नाही. ज्याला पैदाशीसाठी जात निवडायची आहे त्याला नेमकी दिशा कमी आणि अंतर जास्त उपयोगाचं असतं, हा यातला पेच.

आणि हात?

वरचा हिशेब फक्त डोळ्यांच्या चुकीला लागू होतो. दुसरी एक वाट आहे, तिला असली कमाल मर्यादा नाही, आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते.

1963 साली रॉबर्ट रोझेन्थाल आणि केरमिट फोड यांनी विद्यार्थ्यांना पांढरे उंदीर दिले. काहींना सांगितलं, हे चक्रव्यूह पटकन शिकणाऱ्या हुशार वंशाचे. काहींना सांगितलं, हे मठ्ठ वंशाचे. उंदीर सारे सारखेच होते, पाट्या मनाने लावलेल्या. तरी ‘हुशार’ उंदीर चक्रव्यूहात सरस ठरले. हे सगळं नोंदीतल्या चुकांनी झालं असं म्हणून सुटता येत नाही, कारण हुशार पाटीवाल्यांनी आपले उंदीर जास्त वेळा, जास्त मायेने हाताळल्याचंही पुढे आलं. ज्याला हळुवार हात लागला तो उंदीर खरोखर बरा पळाला असणार.

आता हेच खोड्याच्या गल्लीत आणा. मागून गुरं हाकणाऱ्याला लांब कान दिसले की तो आधीच सावध होतो. आवाज चढतो. जिथे नुसतं बाजूला सरकून जनावर पुढे गेलं असतं तिथे शॉक देणारी काठी लागते. फाटक लवकर आणि जोरात आवळलं जातं, कारण ‘हे निसटेल’. जनावर खोड्यात शिरतं तेच धास्तावलेलं. लिहिणारा माणूस मग 4 लिहितो, आणि तो 4 अगदी बरोबर असतो. कॅमेरा लावा, दुसरा निरीक्षक आणा, तोही 4 च देईल. चूक वहीत नाहीच, ती वहीच्या दहा फूट आधी घडून गेलेली आहे.

ग्रँडिन यांची अर्धी कारकीर्द याच दहा फुटांवर गेली आहे: गल्लीतल्या सावल्या, लोंबणारी साखळी, आरडाओरडा, शॉकची काठी यांनी जनावर कसं बिथरतं आणि ते कमी केलं की कसं निवळतं. त्यामुळे त्यांच्या चमूने गुरं आडदांडपणे हाताळली असतील असं सुचवण्याचा हेतू नाही. पण फीडलॉटपर्यंत येण्याआधी त्या जनावराचं एक आयुष्य झालेलं असतं. ज्या जातीला लोक मुळातच आडमुठी समजतात, तिच्या वासरांना त्या आयुष्यात कुत्रे, काठी आणि आरडाओरडा जास्त भेटला असण्याची शक्यता आहे. ब्राह्मन पाळणारे तर उलटं सांगतात: लहानपणापासून हाताखाली असलेलं जनावर माणसाच्या मागेमागे फिरतं, अंग खाजवून घेतं. 3.45 या आकड्यात जात आहे, संगोपन आहे, हाताळणी आहे आणि थोडी नजरही आहे. चौघांची खिचडी एका दशांशात.

सगळ्यांचं एकमत झालं तर?

यावर नेहमीचा बचाव असतो: दोन-तीन निरीक्षक ठेवा आणि त्यांचे गुण जुळतात का पाहा. 2019 मध्ये जेमी पारहॅम आणि सहकाऱ्यांनी मांसासाठीच्या गुरांवर नेमकं हेच तपासून निबंध लिहिला. निष्कर्ष असा, की डोळ्यांनी गुण देण्याच्या पद्धती निरीक्षकांच्या संख्येने किंवा प्रकाराने फारशा डळमळत नाहीत. शेतकऱ्यांसाठी ही बातमी चांगली आहे. महागडी यंत्रं नसतानाही गोठ्यातल्या गोठ्यात काम भागतं.

पण यात एक गोम आहे. निरीक्षकांचे गुण जुळतात याचा अर्थ ते एकाच गोष्टीला एकच आकडा देतात. ती गोष्ट जनावराचा स्वभावच आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. तिघांनीही वशिंड पाहिलंय, तिघांनीही तीच म्हण ऐकलीय. तिघंही एकाच बाजूला झुकले तर त्यांचं एकमत आणखी पक्कं दिसेल. सामायिक पूर्वग्रह हा एकमताच्या चाचणीत पकडला जात नाही, उलट त्याला तिथे चांगले गुण मिळतात. बेल्जियमच्या प्रयोगात निरीक्षकांना एकमेकांशी ताडून पाहिलं असतं तर काहीच उघड झालं नसतं. तो पकडला गेला कारण माणूस तोच ठेवून माहिती बदलली.

जातींच्या संघटना यातून कशा वाट काढतात ते पाहण्यासारखं आहे. अमेरिकेत अँगस, लिमूझां वगैरे जातींचे पैदासकार वासरांना दूध तोडायच्या सुमारास 1 ते 6 असे गरीबपणाचे गुण देतात आणि त्यावरून वळूंचं आनुवंशिक मूल्यमापन होतं. गुण मालक स्वतःच देतो. तरी तुलना फक्त एकाच कळपातल्या, एकाच वयाच्या, एकाच दिवशी पाहिलेल्या वासरांची होते, त्यामुळे एखादा मालक हात आखडून गुण देणारा आणि दुसरा सढळ असला तरी फरक पडत नाही. ही युक्ती छानच आहे. मात्र मालकाला आपल्या कळपात कोणतं वासरू कोणत्या वळूचं हे तोंडपाठ असतं, आणि त्यातल्या एखाद्या वळूवर त्याने बरेच पैसे घातलेले असतात. तुलना कळपाच्या आत केली की मालकाचा कडकपणा वजा होतो, त्याची आवड वजा होत नाही.

वजनकाट्याला मत नसतं

आता दुसऱ्या निष्कर्षाकडे वळू: शांत जनावर जास्त वाढतं. इथे गोष्ट वेगळी आहे. स्वभावाचा आकडा माणसाने दिला, पण वजनवाढीचा आकडा काट्याने. काट्याला वशिंड दिसत नाही. शिवाय हा संबंध जातीच्या गटांत वेगवेगळा तपासला, म्हणजे वशिंडवाल्यांची तुलना वशिंडवाल्यांशीच झाली. गुण देणाऱ्याच्या डोक्यात ‘ब्राह्मन म्हणजे तापट’ हे कितीही भिनलेलं असलं तरी त्यातून एकाच गटातल्या दोन जनावरांच्या वजनात फरक पडणार नाही. उलट नजरेची बेशिस्त जितकी जास्त, तितका असा संबंध पुसट व्हायला हवा. तो पुसट होऊनही उरला, म्हणून तो मला जास्त भरवशाचा वाटतो.

एक बारीक शंका राहते. ब्राफर्ड काय, सिम्ब्रा काय, सगळ्या संकरात काही जनावरं ब्राह्मनकडे जास्त झुकलेली दिसतात: उंच वशिंड, लांब कान. त्यांना आकडा चढा मिळाला, आणि उष्ण हवेसाठी घडलेलं ते रक्त कोलोरॅडोच्या थंडीत वाढीत मागे पडलं, तर स्वभावाचा काही संबंध नसताना दोन्ही आकडे जोडीने चालतील. अशक्य नाही. पण वशिंड नसलेल्या गटातही कल तोच दिसला, म्हणून या शंकेला मी फार वजन देणार नाही.

माणसाचा डोळा मधून काढण्याची वाट त्याआधीच ऑस्ट्रेलियात निघाली होती. 1988 साली हेदर बरो आणि सहकाऱ्यांनी खोड्याबाहेर प्रकाशकिरणांची दोन फाटकं लावली: जनावर सुटल्यावर जेमतेम दोन मीटरचं अंतर किती वेळात तोडतं ते घड्याळ मोजतं. घाबरट जनावर सुसाट सुटतं, निवांत जनावर चालत जातं. पुढे टेक्सासमध्ये ब्राह्मन वळूंवर केलेल्या मोजणीत हा वेग रक्तातल्या कॉर्टिसॉलशी, म्हणजे ताणाच्या संप्रेरकाशी, जुळलेला दिसला. या पद्धतीत नजर नाही, पण हात अजून आहेच. फाटक उघडताना कुणी ओरडलं, पाठीवर थाप मारली, की घड्याळ इमानदारीने तो घाबरटपणा मोजून देतं.

करायचं काय

दहावीच्या उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याची ओळख स्टिकरखाली झाकलेली असते, परीक्षकाला कळत नाही पोरगा कुठला. जनावराच्या वशिंडावर स्टिकर लावता येत नाही ही खरी अडचण. तरी हात टेकायची गरज नाही. गुण देणारा माणूस अशा जागी उभा करता येतो जिथून त्याला वशिंड आणि कान न दिसता फक्त पाय आणि खोड्याची हालचाल दिसेल. आडवी फळी लावली की झालं. खोड्याखालच्या वजनकाट्याचा आकडा जनावर हललं की नाचतो, तो नाच नोंदवून घेता येतो. कॅनडात जोसेफ स्टूकी यांच्या चमूने 1990 च्या दशकात अशी यंत्रं वापरली आहेत. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे जाती मिसळून, क्रम चिठ्ठ्यांनी ठरवून गुरं आणणं. एका जातीची शंभर आणि मग दुसरीची शंभर असं आणलं तर सकाळची ताजी नजर एकीला मिळते आणि संध्याकाळची कावलेली दुसरीला. शिवाय लागोपाठ पाच दांडगी जनावरं पाहिल्यावर सहावं मध्यम जनावरही गरीब वाटू लागतं.

आणि गल्लीत हाकणाऱ्या माणसाचीही नोंद ठेवा. किती जनावरांना काठी लागली, किती हंबरली, किती घसरली, याचे आकडे ग्रँडिन यांनी कत्तलखान्यांच्या तपासणीसाठी केव्हाच रुळवले आहेत. तेच रकाने स्वभावाच्या वहीत शेजारी असले, तर 4 आकडा जनावराचा की हाकणाऱ्याचा हे निदान विचारता तरी येईल.

ग्रँडिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 1995 चा एक अभ्यास आपल्याकडच्या वाचकाला जवळचा वाटेल. सुमारे दीड हजार गुरांच्या कपाळावरचा भोवरा डोळ्यांच्या वर आहे, मधे आहे की खाली, हे नोंदवलं आणि खोड्यातल्या धडपडीशी ताडून पाहिलं. डोळ्यांच्या वर भोवरा असलेली गुरं जास्त अस्वस्थ निघाली. भोवरा पाहून बैल घेणारे बाजारात आपल्याकडे काही कमी नाहीत, ते यावर खूश होतील. पण भोवरा आणि धडपड दोन्ही एकाच वेळी समोरच असतात. असा अभ्यास पुन्हा करायचा तर भोवरा लिहिणारा एक, धडपड लिहिणारा दुसरा आणि दुसऱ्याला कपाळ दिसू नये, एवढी सोय आधी करावी लागेल.

राहता राहिला कालवडींचा मुद्दा. त्यांचा आकडा गोऱ्ह्यांपेक्षा जास्त आला, आणि तो ब्राह्मनच्या आकड्यासारखा कुणाला खटकत नाही. मला तो तितकाच तपासण्यासारखा वाटतो. फळी लावली तर कालवड की गोऱ्हा हेही दिसणार नाही, त्यासाठी वेगळा खर्च नाही.